चोविसाव्या वर्षी शाल-श्रीफळ

घरामागच्या शेतात पुन्हा मळणीयंत्र आलं आहे. सकाळी दव सुकलं की ते सुरू होतं आणि दुपारच्या जेवणाची सुट्टी सोडली तर ऊन कलेपर्यंत थांबत नाही. मी मागच्या खिडक्या लावून घेते. तरी सोयाबीनच्या भुसकट-कुटाराची पिवळट धूळ कुठून कुठून आत येतेच. टेबलावर, चष्म्यावर, डब्यांच्या झाकणांवर. दिवसातून दोनदा फडकं फिरवते आणि दोन्ही वेळा फडकं तितकंच पिवळं होतं. घाटातली सीताफळं बाजारात आली आहेत. डोळे उघडलेली चार निवडून आणली, ती खिडकीत पिकत ठेवली आहेत. सगळीकडे वाळल्या शेंगांचा तो कडवट, भाजल्यासारखा वास. पूर्वी या दिवसांची मी वाट पाहायची. गेल्या वर्षापासून हा वास आला की मला राग येतो.

मैत्रेयी, परवा फोनवर मी तुला सुजाताबद्दल सांगत होते. तू म्हणालीस, "म्हणजे आजी, माझ्या इंटर्नशिपसारखंच की! मग तिला तिथंच घेतलं असेल ना?" मी म्हणाले की आवाज तुटतोय, आणि फोन ठेवला. आवाज तुटत नव्हता. तुला तिकडे डब्लिनमध्ये सहा महिने काम शिकवलं आणि सातव्या महिन्यात गळ्यात ओळखपत्र घातलं. तुझा प्रश्न अगदी सरळ होता. त्याचं उत्तर माझ्या तोंडून निघालं नाही, म्हणून हे लिहिते आहे. तुझ्या भावालाही, ओंकारला, वाचायला दे.

सुजाता माझी विद्यार्थिनी. मी निवृत्त झाल्यावर दुपारी घरी इंग्रजी शिकायला येणाऱ्या मुलींमधली सगळ्यांत अबोल. आई कांताबाई मजुरीला जाते, वडील नाहीत, घरचं दीड एकर. बी.ए. झाली तेव्हा दोन दारं तिच्यासमोर होती. एक जालन्याच्या बियाणे कंपनीत, बी तपासायच्या खोलीत. देऊळगाव राजाला गाडी बदलून जायचं, पण पक्कं काम. दुसरं, सरकारची बेरोजगार मुलांसाठीची प्रशिक्षण योजना. आपल्याच गावच्या तालुका कचेरीत बसायचं, काम शिकायचं, आधी सहा महिने, मग वाढून अकरा. ती दोन्ही कागद घेऊन माझ्याकडे आली.

"मॅडम, तुमी सांगा. तुमी जे म्हनसान ते."

मी चष्मा लावून दोन्ही वाचले. योजनेच्या कागदांमध्ये एक हमीपत्र होतं: या प्रशिक्षणाच्या आधारे मी नोकरीवर कोणताही हक्क सांगणार नाही. मुलांनो, तुमची आजी किराणा दुकानाच्या पावतीची मागची बाजूसुद्धा वाचते. तेही वाचलं. आणि म्हणाले, "हे असतंच गं सगळ्या फॉर्मात. एकदा सरकारी दारात पाय टाक. काम चोख केलंस की तुझ्यावाचून त्यांचं अडेल." तिने माझ्याच पेनाने सही केली. शाई वाळेपर्यंत मी कागद धरून ठेवला होता.

आमच्या कचेरीचं नाव लिहीत नाही. गाव तुम्हाला ठाऊक आहे, तेवढं पुरे.

तिला दिली रेकॉर्ड रूम. कचेरीच्या मागच्या अंगाला लांबट खोली, एक पंखा, भिंतीला ओल, आणि छतापर्यंत लाल कापडात बांधलेले बस्ते. जुन्या काळी गावोगावचे कोतवाल जन्ममृत्यूची नोंद ठेवत, कोणाच्या घरी, कोणत्या जातीत, मुलगा की मुलगी. ती कोतवालबुकं त्या बस्त्यांत आहेत. कोणाला जातीचा पुरावा हवा की पणजोबाची नोंद लागते, आणि ती त्या खोलीत शोधावी लागते. दिनकरबाबू त्या खोलीचे कारकून. स्वभावाने वाईट नाहीत. त्यांच्याकडे आणखी तीन टेबलांचं काम होतं आणि धुळीने त्यांचा दमा उठायचा, म्हणून ते आत जातच नसत. खिडकीतून सांगत, "शोधून राह्यलो, पंधरा दिवसांनी या." पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. शोधत कोणीच नव्हतं.

पहिल्या आठवड्यात ती संध्याकाळी माझ्याकडे आली तेव्हा ओढणी, पापण्या, सगळं धुळीने राखाडी झालं होतं. मी तिला पाटी-पेन्सिल द्यावी तशी एक लांब रेघांची वही दिली. गावाचं नाव, साल, पुस्तकाचा क्रमांक, रॅक, खण. पाच रकाने आखून दिले. "अशी लिही की उद्या तू नसलीस तरी कोणालाही सापडेल," मी म्हणाले. हे वाक्यही माझंच.

ती एकेक बस्ता सोडायची, पुसायची, चाळायची, लिहायची आणि पुन्हा बांधायची. अडचण निराळीच निघाली. जुनी पुस्तकं मोडीत. त्या कचेरीत मोडी वाचणारा माणूस नव्हता. वर्षानुवर्षं बाबू लोक अंदाजाने पानं उलटत आणि "नोंद आढळत नाही" असा शेरा मारून देत. आढळणार कशी? दिनकरबाबू तिला म्हणाले, "पोरी, त्या बस्त्यायले हात नोको लावू. ते कोनालेच येत नाही."

"मंग मी शिकते ना, बाबूजी."

"शिक. इथं शिकाले तं आलीस."

ते हसले होते. ती हसली नाही. तिने बुलढाण्याहून मोडीच्या बाराखडीचं एक पातळ पुस्तक मागवलं आणि सराव करायला जुनी अक्षरं हवीत म्हणाली. मी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. तीत माझ्या वडिलांची पत्रं आहेत, त्यांच्या थोरल्या भावाला लिहिलेली. सगळी मोडीत. मला त्यांतलं एक अक्षर कळत नाही. मला मिशनच्या शाळेत घातलं, इंग्रजी शिकवलं. ती पेटी मी दर दिवाळीला उघडून, नीट पुसून, पुन्हा तशीच बंद करत आले.

चार महिने सुट्टीच्या दिवशी सुजाता त्या पत्रांवर वाकून बसायची. दुपारची उन्हं ओसरीतून पुढे सरकायची तशी तिची चटई सरकायची. एके रविवारी ती म्हणाली, "मॅडम, एक पूर्न वाचलं. वाचू?" पत्र बरंचसं बैलाबद्दल आणि नव्या विहिरीच्या पाण्याबद्दल होतं. बैल डाव्या पायाने लंगडतो. विहिरीला खडक लागला. मग ती अडखळली, पुन्हा मागे गेली आणि सावकाश वाचलं: "मुलीस इंग्रजी शाळेत घातले. उद्या तिला माझे अक्षर वाचता येणार नाही. परंतु तिला कोणाचे दारी उभे राहावे लागणार नाही." 

मी उठून स्वयंपाकघरात गेले. चहा टाकला. दोनदा साखर घातली. तिने तो तसाच प्यायला.

दार म्हटलं की मला आता तीच खिडकी दिसते. रेकॉर्ड रूमची, लोखंडी गजांची, खाली लोकांच्या कोपरांनी गुळगुळीत झालेली कड. बारावीनंतर सुजाताला नर्सिंगला जागा मिळाली होती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. जातवैधतेसाठी पणजोबाची नोंद हवी होती. मायलेकी मजुरी पाडून त्या खिडकीपाशी किती वेळा उभ्या राहिल्या, ते त्यांनी मोजलं नाही. शेवटी शेरा मिळाला, नोंद आढळत नाही. जागा गेली.

आणि प्रशिक्षणाच्या आठव्या महिन्यात, दुसऱ्याच गावाच्या बस्त्यात चुकून बांधलेल्या पुस्तकात, तिला ती नोंद सापडली. पणजोबाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, जात, गाव. स्वच्छ मोडीत.

"मंग काय केलंस?" मी विचारलं.

"वहीत लिवलं. रॅक चार, खण दोन. मंग पुडचं पान उलटलं."

मी तिच्या जागी असते तर ती खोली डोक्यावर घेतली असती. पण मी तिच्या जागी नव्हते. मला कोणाच्या दारी उभं राहावं लागलेलं नाही, तशी सोयच करून ठेवलेली होती.

मुलांनो, तुम्हाला कल्पना यावी म्हणून सांगते. पावसाळा संपता संपता त्या खिडकीपाशी आलेला माणूस त्याच दिवशी नक्कल घेऊन घरी जाऊ लागला. लोक बाहेर म्हणायचे, "त्या पोरीकडं जा, ते वाचते." आणि खिडकीतून डोकावून तिला म्हणायचे, "बाई, आमच्या आज्याचं पाहा नं." चोवीस वर्षांच्या मुलीला बाई. आता त्या नकलेचं स्वरूप ऐका. तळाशी दोन सह्यांची जागा असते. एक 'नक्कल करणार', दुसरी 'रुजवात घेणार', म्हणजे मूळ पानाशी ताडून पाहणारा. वाचायची सुजाता, लिहायची सुजाता, ताडायची सुजाता. दोन्ही सह्या ज्यांना मोडीचं अक्षर येत नाही त्यांच्या. तिला सहीचा अधिकार नव्हता, ती शिकाऊ होती. शिकवणारा कोण, हे मात्र कोणी विचारलं नाही.

मग गेल्या वर्षी हेच दिवस आले. शेतात सोयाबीन सोंगून कापल्या पेंढ्यांच्या सुड्या रचल्या होत्या, बाजारात सीताफळं होती. कचेरीतून मला निमंत्रण आलं: प्रशिक्षणार्थींचा निरोप समारंभ, प्रमुख पाहुणे म्हणून निवृत्त मुख्याध्यापिका, म्हणजे मी. मला वाटलं होतं की निरोप हा शब्द नुसता रिवाजाचा आहे, मोठे साहेब त्या दिवशी काहीतरी जाहीर करतील, निदान सुजाताबद्दल. मी इस्त्रीची पांढरी साडी नेसले. भाषणाचे मुद्दे कार्डावर लिहून नेले, क्रमांक घालून.

सभागृहात समोशाचा वास, मागे फलक, खुर्च्यांवर सात मुलं-मुली. त्यांना एकेक करून पुढे बोलावलं आणि शाल-श्रीफळ दिलं. आपल्याकडे हा मान कोणाला देतात, ठाऊक आहे ना? तुमच्या आजोबांना दिला होता, छत्तीस वर्षं नोकरी झाल्यावर. ज्याचं काम संपलं त्याला देतात. इथे ज्यांचं सुरूच झालं नव्हतं त्यांच्या खांद्यावर ती मरून रंगाची शाल पडत होती. कोणाला ते विचित्र वाटलं नाही. एखाद्याला घालवायचं असेल तर आमच्याकडे हीच एक पद्धत ठाऊक आहे, तीच त्यांनी काढली. सुजाताच्या खांद्यावर शाल घातली ती मी. स्वतःच्या हाताने. घडी नीट बसावी म्हणून टोक सारखंसुद्धा केलं.

नंतर माझं भाषण. कार्डावरचा तिसरा मुद्दा मी वाचला: "शिकलेलं कधी वाया जात नाही." टाळ्या झाल्या. सुजाता नारळ दोन्ही हातांत धरून बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत, हात मोकळे नव्हते.

साहेबांनी काही जाहीर केलं नाही. बाहेर मी त्यांना गाठलं. ते अतिशय अदबीने बोलले. "मॅडम, मुलगी हिऱ्यासारखी आहे. पण पदच नाही. आणि हमीपत्र आहे ना, तिची सही आहे." हो, आहे. माझ्या पेनाची. प्रमाणपत्र पाहिलं. त्यावर शिकलेलं कौशल्य म्हणून छापलं होतं: संगणक नोंदणी. सातही प्रमाणपत्रांवर तेच. त्या खोलीत संगणक नव्हता. मोडीचा उल्लेख नव्हता, कारण मोडीचा रकानाच नव्हता. आणि योजनेत दुसऱ्यांदा बसता येत नाही. जालन्याच्या त्या खोलीत एव्हाना दुसरी मुलगी बी तपासत होती.

मला राग येतो तो पैशांच्या कमतरतेचा नाही, हे लक्षात घ्या. सरकारकडे सगळ्यांना द्यायला जागा नसतील, हे मला कळतं. पण काम होतं. त्या खोलीत काम होतं, खिडकीबाहेर माणसं होती, ते काम करू शकणारं एक माणूस त्यांनी स्वतःच्या छताखाली घडवलं आणि मग त्याला नारळ दिला. बेरोजगारांच्या यादीतून अकरा महिने एक नाव कमी दाखवायचं आणि मग ते परत यादीत सोडायचं, याला प्रशिक्षण म्हणत नाहीत. शाळेत एखाद्या शिक्षकाने मुलांना अर्धा धडा शिकवून पुस्तकं काढून घेतली असती तर मी त्याला त्याच दिवशी खुलासा मागितला असता. इथे खुलासा कोणाकडे मागू? सगळेच अदबीने बोलतात.

आता पुढचं. समारंभानंतर आठवडाभराने सुजाताचा फोन वाजला. दिनकरबाबू. "पोरी, ते अमक्या गावचं पुस्तक कुठं ठेवलं?" वही त्यांच्या टेबलावर होती. पण वही उघडण्यापेक्षा फोन करणं सोपं. आणि पुस्तक सापडलं तरी वाचणार कोण? पानाचा फोटो यायचा, ती वाचून पाठवायची. मग नवीन शिकाऊ मुलगी आली, तिचेही फोन. वर्षभर हे चाललं आहे. कधी भाजी निवडताना, कधी कापूस वेचताना. फुकट.

मला हे गेल्या आठवड्यात कळलं. मागच्या दाराने शेतात गेले होते, मळणीवाल्याला यंत्राचं तोंड जरा फिरवून घ्यायला सांगायला. यंत्राजवळ तोंड-डोकं बांधलेल्या बायका सुडीतून पेंढ्या ओढून देत होत्या. त्यांतल्या एकीच्या डोक्याला मरून शाल होती. मी आधी शाल ओळखली, मग मुलगी.

मशीन जेवणासाठी थांबलं. ती बांधाला बसून शेंगांच्या टोकांनी ओरखडलेले हात धूत होती, तेवढ्यात फोन वाजला. नवीन मुलगी घाबऱ्या आवाजात, "ताई, एक बाबा सकाळपासून उभे हायेत, सापडूनच नाही राह्यलं." सुजाताने डोळे मिटले आणि ओला हात हवेत फिरवला, जणू ती त्या खोलीत उभी होती. "आत गेली का? खिडकीकडं पाठ कर. तिसरा रॅक. खालून दुसरा खण. डावीकडून चवथा बस्ता, त्याची गाठ मी दुहेरी मारेल हाये. भेटला? फोटो पाठव." फोटो आला. फुटक्या काचेच्या त्या फोनवर, भर उन्हात, शालीची सावली करून तिने दीडएकशे वर्षांपूर्वीच्या कोणा कोतवालाचं अक्षर वाचलं आणि नाव, बापाचं नाव, गाव एकेक करून सांगितलं.

मी संतापले. तिच्यावरच. "तू काऊन उचलतेस फोन?" रागावले की माझीही बोली परत येते. "त्यांनी तुला काढलं. अडू दे ना त्यांचं!"

कांताबाई भाकरीचं फडकं सोडत म्हणाली, "मी बी तेच म्हनते, मॅडम. फुकटची सायबीन हाये आमची."

सुजाता म्हणाली, "मॅडम, फोन बाबूजीचा असते. पन खिडकीपाशी कोन उभं असते ते मले माहीत हाये. तिथं आमी दोघी उभ्या होतो."

मळणीवाल्याला यंत्राचं तोंड फिरवायला सांगायचं राहूनच गेलं.

घरी आले तर टेबलावर यंदाचं निमंत्रण. निरोप समारंभ, सोमवारी. प्रमुख पाहुणे पुन्हा मीच. माझ्या डोक्यात लगेच एक नेटकी योजना तयार झाली. सुजाताची ती शाल धुऊन, इस्त्री करून न्यायची आणि सगळ्यांसमोर साहेबांच्या टेबलावर परत ठेवायची. एक शब्द न बोलता. काल तिला बोलावून हे सांगितलं. ती पहिल्यांदाच मोठ्याने हसली.

"नोको मॅडम. थंडीत आईले लागते ते शाल. अकरा महिन्याचं तेवढंच तं घरात हाये."

म्हणजे माझ्या रागासाठी मी तिचं पांघरूण काढून घेणार होते. पुन्हा एकदा तिच्या वतीने मीच ठरवणार होते, जसं ते दोन कागद समोर असताना ठरवलं होतं. म्हणून या वेळी विचारलं, "मग तू सांग. मी काय करू?"

ती उठली. खिडकीतल्या सीताफळाला बोट लावून पाहत होती, पिकलं का. मग म्हणाली, "तुमच्या बाबाची जन्माची नोंद हाये तिथं. मी पाह्यली होती. मोडीत हाये. तुमी तिची नक्कल मांगा."

"आणि?"

"अर्जात लिवा, वाचनाऱ्यानं आन रुजवात घेनाऱ्यानं सही कराव. ज्याले वाचता येते त्यानंच."

"मग ते तुलाच फोन करतील."

"करू द्या. मी उचलीन. वाचून बी देईन." तिने सीताफळ जागेवर ठेवलं. "पन सांगीन, बाबूजी, सही माही राहीन. नाव लिवा. नाई तं आढळत नाही असा शेरा मारा, अन् त्याखाली तुमची सही करा. मॅडम पुढं उभ्या हायेत."

अर्ज आज दुपारी लिहिला. मुलांनो, माझ्या हातून इतका सुवाच्य कागद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. वडिलांचं पूर्ण नाव, गाव, सन, रॅक, खण, सगळं सुजाताला तिच्या वहीतलं जसं पाठ आहे तसं. निमंत्रणाच्या मागे समारंभाला येत नसल्याचं एका ओळीत कळवलं. कारण लिहिलं नाही, ते खिडकीपाशी सांगेन. 

कचेरी पावणेदहाला उघडते. मी साडेनऊलाच जाऊन उभी राहणार आहे, रांगेत, माझ्या नंबराने. वडिलांनी ठरवलं होतं त्याच्या बरोबर उलट.